समाधानपत्र

१

वेळ दिली होती नऊ ते एक. या चार तासांत दुरुस्तीचा माणूस केव्हाही येणार, दार ठोठावणार आणि दोन मिनिटांत कोणी उघडलं नाही तर फटीतून चिठ्ठी सरकवून चालू लागणार: ‘दार ठोठावले. घरी कोणी नव्हते.’ चिठ्ठी छापील असते. वसाहतीच्या खात्याकडे सिमेंट नसतं, गवंडी नसतो, पण या चिठ्ठ्या संपल्याचं आजवर कोणाच्या ऐकिवात नाही.

ताईकडे अशा दोन जमल्या होत्या. एक ती आंघोळीला गेली होती तेव्हाची. दुसरी ती दारापासून आठ पावलांवर भांडी घासत होती तेव्हाची. म्हणून आज, बुधवारी, तिने खुर्चीच आणून दाराला लावली होती. बेल बंद होती. बेलची तक्रार वेगळी, तिचा नंबर वेगळा, तिची वाट वेगळ्या दिवशी बघायची. नळ बंद, रेडिओ बंद. चहासुद्धा थर्मासमध्ये भरून घेतलेला, म्हणजे शेगडीचा आवाज नको. पन्नाशीची बाई, स्वतःच्या घरात, चोरासारखी कान टवकारून बसलेली.

सगळी इमारत तिला ताई म्हणायची. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती तपासणीला होती. शिवून आलेला प्रत्येक सदरा उलटासुलटा करायचा, उसवलेली शिवण, वाकडी काजं शोधायची आणि सगळं ठीक असेल तर आत आपल्या नंबराची पट्टी टाचायची. तिचा नंबर सतरा. बावीस वर्षांत सतरा नंबरची पट्टी लागलेला एकही सदरा परत आला नव्हता. ही आजची तिची सातवी रजा.

भिंत बाबांच्या खोलीतली. अकरा महिन्यांपूर्वी कोपऱ्यात हातरुमालाएवढा डाग दिसला. मग तो उशीएवढा झाला, मग चादरीएवढा. पोपडे सुटले, त्यांच्याखाली काळी बुरशी धरली. ताईने ती खरवडली, औषधाने धुतली. चौथ्या दिवशी पुन्हा हजर. इमारतीच्या टोकाचं हे शेवटचं घर, चौथा मजला. त्या भिंतीपलीकडे दुसरं घर नाही, जिना नाही, काही नाही. नुसती हवा. पावसाचा मारा थेट तिच्यावर, आणि तिच्या अलीकडे दोन हात अंतरावर बाबांचा पलंग.

बाबा पोस्टमन होते. आयुष्यभर दारं वाजवली. दोन टकटक लागोपाठ, मग एक थांबून. ही त्यांची खूण. घरातही ताईला हाक मारायची झाली तर काठीने भिंतीवर तेच. ते म्हणायचे, रिकाम्या घराचं दार वेगळं वाजतं; आत कोणी श्वास धरून लपलं असलं तरी आपल्याला कळतं. अकरा महिन्यांच्या ओलीने त्यांच्या छातीत शिटी वाजायला लागली आणि एकोणीस दिवसांपूर्वी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. आता ते बरे होते. डॉक्टरांनी मात्र स्वच्छ सांगितलं होतं की, त्या खोलीत पुन्हा पाठवणार नाही. पाठवलं तर पुढच्या वेळी आणायची गरज पडणार नाही. वॉर्डाला खाट हवी होती. शुक्रवारपर्यंत भिंत कोरडी झाली तर घर; नाही तर लांबच्या गावातला वृद्धाश्रम, तो धाकट्या भावाने फोनवरून बघूनही ठेवला होता. बाबा तिला एवढंच म्हणाले होते, “मला अनोळखी दाराच्या आत ठेवू नकोस गं.”

दहा चाळीसला टकटक झाली.

ताई उठलीच होती, कडीवर हात होता. दार उघडलं. पुढचा लांब बोळ मोकळा होता. टोकाला जिन्याचा उजेड, एक पायपुसणं, बस. दुसऱ्या कोणाचं दार असेल. पण आवाज पुढून आल्यासारखा वाटला नव्हता. तो तिच्या पाठीमागून आला होता, घराच्या आतून.

ती एकपर्यंत बसली. कोणी आलं नाही.

२

दीडला ती खात्याच्या कचेरीत खिडकीसमोर उभी होती. खिडकीवरच्या कारकुनाला भाडेकरूंनी ‘तीसदिवस’ असं नाव पाडलं होतं, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर तेच. आज मात्र त्याने संगणकात बघून वेगळंच सांगितलं.

“तुमचं काम झालंय.”

ताईने घराचा नंबर पुन्हा सांगितला. त्याने पुन्हा बघितलं. तोच नंबर, तीच भिंत. आज सकाळी दहा चाळीसला गवंडी पोचला, शेरा, ‘दार लगेच उघडले’, काम पूर्ण, तक्रार बंद.

ती दाराला खुर्ची लावून बसली होती, असं तिने सांगितलं. असेल, तो म्हणाला. मग त्याने कागद काढून काचेला टेकवला. मथळा ‘समाधानपत्र’. खाली छापलेलं: ‘माझ्या घरातील काम माझ्या समक्ष झाले. भिंत कोरडी आहे. माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.’ आणि त्याखाली ताईची सही.

सही खरी होती, हीच तर गंमत. काल, मंगळवारी, याच खिडकीवर तिने ती केली होती. कामाचा आदेश सुटायचा तर समाधानपत्र आधी जोडावं लागतं, असं याच माणसाने सांगितलं होतं. कारण गवंडी येतो, काम करतो आणि भाडेकरू सहीला नाटकं करतात. मग हिशेब जुळत नाहीत, साहेब ओरडतात. म्हणून इथे समाधान आधी, काम मागाहून. सगळी वसाहत असंच करते. गळक्या नळाचे लोक नळ गळत नाही म्हणून सही देतात आणि मग नळ दुरुस्त होण्याची वाट बघतात. ताईचा हात क्षणभर अडला होता. बावीस वर्षांत तिने न बघितलेल्या सदऱ्याला पट्टी टाचली नव्हती. पण शुक्रवार तोंडावर होता. तिने सही ठोकली होती.

“मी म्हणतेय ना, भिंत ओली आहे.”

“तुम्हीच म्हणताय ना, कोरडी आहे,” कारकून कागदावर बोट ठेवून म्हणाला. त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, हे जास्त वाईट. “नवीन तक्रार घेता येईल. पण काम झालेल्या भिंतीवर तीस दिवस घेता येत नाही.”

ताई बाहेर आली तेव्हा रागाने तिचे कान तापले होते, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. राग ओळखीचा होता. गवंडी आलाच नाही, खोटं लिहून मोकळा झाला. चोरी सरळ होती. सरळ चोराला धरता येतं.

३

गवंडी वसाहतीच्या मागच्या अंगणात, घमेली पालथी घालून त्यांच्यावर बसून भाकरतुकडा खात होता. साठीचा, हाताला सिमेंटच्या भेगा पडलेला माणूस. ताईने त्याला जे सुनवायचं ते सगळं सुनवलं. तो शांतपणे चावत राहिला.

“ताई, झोपला होता का दुपारचं?” तो शेवटी म्हणाला. “सकाळी तर माझ्याशी बोललात. बूट बाहेर काढा म्हणालात.”

तिने विचारलं, कोणाच्या घरी गेला होतात? त्याने तिच्या घराचा नंबर सांगितला. चौथा मजला, शेवटचं दार. मग त्याने खोली सांगायला सुरुवात केली, आणि ताईचा राग एकेक पायरी खाली उतरू लागला. खिळ्याला काठी. पलंगाच्या एका पायाखाली लाकडाची चकती, कारण तो पाय तोकडा. निळी बादली, कान तुटलेली. भिंतीवर पोस्टाच्या टोपीतला जुना फोटो. हे सगळं बाहेरून कोणाला दिसण्यासारखं नव्हतं.

“जुना गिलावा पार विटेपर्यंत काढला,” तो म्हणाला. आता तोच दुखावला होता. “जलरोधक मारलं, वर दोन हात दिले. एरवी लोकांकडे मी एवढं करत नाही, पण तुम्ही म्हणालात, बाबांना इथे आणायचंय. मग मन लावून केलं. आणि उन्हामुळे उद्यापर्यंत खडखडीत वाळेल.”

“कुठलं ऊन?”

“खिडकीतलं. आत शिरलं की उजव्या हाताची ती खोली, मोठी खिडकी आहे ना.”

बाबांची खोली आत शिरलं की डाव्या हाताला होती. तिला हातभर झरोका होता, तोही नळांच्या बोळकांडीत उघडणारा. ऊन त्या खोलीने कधी पाहिलं नव्हतं.

झालं, ताईने स्वतःला समजावलं, म्हातारा दिवसाला दहा घरं फिरतो, दोन घरांची सरमिसळ झाली. काठी, बादली कोणाकडे नसते? फोटो कोणाचाही असू शकतो. ती वळणार तेवढ्यात त्याने हात पुसायला खिशातून फडकं काढलं. करड्या गणवेशाच्या कापडाचं फडकं, चारही कडा नीट दुमडून शिवलेल्या. कोपऱ्यात पट्टी. सतरा.

“तुम्हीच दिलंत,” तो म्हणाला. “थापी पुसायला.”

अशी फडकी ताई घरी करायची, कारखान्यातल्या चिंध्यांची. पट्टी मात्र ती त्यांना कधी लावायची नाही. पट्टी म्हणजे तपासलेलं, ठीक असलेलं. तिने ते फडकं हातात घेऊन शिवण बघितली, सवयीने. टाके तिचेच होते. एकही वाकडा नव्हता.

४

गुरुवारी ती कारखान्यात गेली नाही. आठवी रजा, मुकादमाने फोनवर काय काय ऐकवलं ते तिच्या कानात शिरलंच नाही.

सकाळी ती बाबांच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. ताज्या गिलाव्याचा वास येत होता. ओल्या सिमेंटचा, थंड, स्वच्छ वास. तिने दिवा लावला. भिंत होती तशीच: काळी, फुगलेली, घाम फुटल्यासारखी. हात लावला तर तळवा ओला. वास नाकात आणि ओल हातात, दोन्ही एकाच भिंतीची.

नळांच्या बोळकांडीतून येत असेल. कुठल्या तरी मजल्यावर काम चाललं असेल. वास कुठूनही येतो.

मग पलंग सरकला.

तिच्यासमोरचा पलंग नाही. तो जागेवर होता, चादर ताणलेली, उशीवर खळगा. आवाज भिंतीतून आला. एक पाय, दुसरा पाय, तिसरा, आणि मग चौथ्याची ती लाकडी खरखर, चकती फरशीवरून घासली जाते तेव्हाची. हा आवाज जगात कुठेही ओळखता आला असता तिला. अकरा महिन्यांत तो पलंग तिने इंचाइंचाने भिंतीपासून दूर ओढला होता. पलीकडे कोणीतरी तो भिंतीकडे सरकवत होतं. भिंतीला टेकल्याचा बारीक ठोका झाला, आणि मग उशी झटकल्याचे दोन फटके.

ताईने कान लावला. गालाला चिखलासारखा गारवा. पलीकडे शांतता, पण मोकळी शांतता नव्हे. बाबा म्हणायचे तशी, श्वास धरलेली.

ती चार मजले धडाधड उतरून इमारतीच्या टोकाला आली. वर बघितलं. सरळ, उघडी, आंधळी भिंत, तळापासून गच्चीपर्यंत. चौथ्या मजल्याच्या उंचीवर लांबलचक काळा डाग. खिडकी नाही, खाच नाही, कबुतराला बसायला पट्टी नाही. त्यापुढे रिकामं आकाश. तिने मान दुखेपर्यंत बघून घेतलं, सदऱ्याची शिवण तपासावी तसं. कुठेही काही उसवलेलं नव्हतं.

जिन्यात तिला शेजारच्या काकू भेटल्या. त्यांना इमारतीत रेडिओ काकू म्हणत. एकदा लागल्या की बंद करायचं बटण सापडत नसे. आज त्या खुशीत होत्या.

“झालं ना गं एकदाचं? वास सुटलाय बोळभर. मी यांना म्हटलं, ताईचं नशीब उघडलं, आपल्या मोरीला कधी मुहूर्त लागतो बघू.” मग डोळे मिचकावून, “आणि गाणं ऐकलं हो तुझं. सकाळपासून खोली आवरतेयस, गातेयस. किती वर्षांनी. बाबा येणार म्हणून का?”

ताईने गाणं आई गेली त्या वर्षी सोडलं होतं.

“काकू, कुठून ऐकू आलं?”

“कुठून म्हणजे? तुझ्या घरातून,” काकू म्हणाल्या, आणि तिच्या ओल्या गालाकडे बघून पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला. “बरी आहेस ना गं तू?”

तिने वॉर्डात फोन लावला. सिस्टर ओळखीच्या होत्या, चांगल्या होत्या, आणि घाईत होत्या. खात्याचं पत्र कालच आलं, त्या म्हणाल्या, घर कोरडं असल्याचं. डॉक्टरांनी सही केली. उद्या अकराला सुट्टी. ताईने त्यांना परोपरीने सांगितलं की, पत्र खोटं आहे, भिंत ओली आहे, मी स्वतः फोन करेपर्यंत बाबांना हलवू नका. सिस्टरनी ते लिहून घेतलं. लिहून घेतल्याचा आवाज आला.

मग पुन्हा कचेरी. समाधानपत्र रद्द करायचंय, ती म्हणाली. तीसदिवसाने चष्मा काढला. असं कोणी आजवर मागितलं नव्हतं. त्याने आत जाऊन साहेबांना विचारलं, परत आला. रद्द करता येतं. पण पाहणी व्हायला हवी. पाहणीचे साहेब उद्याच त्या बाजूला आहेत. त्यांनी भिंत ओली बघितली की समाधानपत्र फाडायचं, आणि वॉर्डालाही ते स्वतः कळवतील. भाडेकरू घरी हवा मात्र. नसला तर पत्र कायम.

“उद्या किती वाजता?”

“नऊ ते एक.”

अकराला दवाखाना होता. कारकुनाला तिने ते सांगितलं. त्याने खांदे उडवले नाहीत, एवढं त्याचं श्रेय. तो म्हणाला, “दोन्ही ठिकाणी कसं असणार माणूस?”

५

शुक्रवारी ताईने ठरवलं की, घरीच थांबायचं. वॉर्डात सांगून ठेवलं होतं, लिहून घेतलं होतं. आणि पाहणी झाली की सगळ्या खोट्याचं मूळच उपटलं जाणार होतं. तीन वेळा तिने हाच हिशेब मनात मांडला आणि तिन्ही वेळा तो बरोबर आला, तरी तिला बसवेना. नऊच्या आधीच ती घरभर फिरत होती: बाबांच्या खोलीत, दारात, परत खोलीत.

या वेळी तिने दार बंदच केलं नाही. सताड उघडं ठेवलं, खालून वीट लावली आणि खुर्ची उंबऱ्यावर टाकली, अर्धी घरात, अर्धी बोळात. वाजवायला दारच नको. जो येईल त्याला तिच्या गुडघ्यांना वळसा घालूनच आत जावं लागेल.

साडेनऊ. रेडिओ काकू पिशवी घेऊन, नजर चुकवून गेल्या. दहा. कोणीतरी वरच्या मजल्यावर चढलं. ताई अर्धी उठली, बसली. साडेदहाला ती मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघत होती.

दहा चाळीसला मागे टकटक झाली.

या वेळी तिला संशयालाही जागा उरली नाही. ती मान वळवून, उघड्या दारात बसून ऐकत राहिली. बाबांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कोणीतरी दार वाजवलं. पावलं झाली. कडी उचलली गेली. तिच्या दाराची कडी आधी वर उचलून मग आत रेटावी लागते, आणि रेटताना ती दोनदा चुकचुकते. ती दोनदा चुकचुकली. मग पुरुषाचा आवाज, जाड, पाहणीला आलेल्या साहेबाचा असावा तसा. शब्द कळत नव्हते. मग हाताच्या तळव्याने भिंत थोपटल्याचा आवाज, थप, थप, कोरडा. ताईच्या बाजूला त्याच ठिकाणचा एक पोपडा सुटून पडला.

“खडखडीत आहे,” पुरुषाचा आवाज म्हणाला. एवढं स्पष्ट ऐकू आलं. मग पलीकडून दोघांची पावलं बाहेर पडली, एकाची घाईची, खाली कोणी थांबलं असल्यासारखी.

ताई बोळात धावली. बोळ रिकामा. जिन्यावरून खाली वाकून बघितलं, जिना रिकामा. परत आली तेव्हा खुर्चीवर चिठ्ठी होती. खाली पडलेली नाही, सरकवलेली नाही, खुर्चीच्या मधोमध ठेवलेली. ‘दार ठोठावले. घरी कोणी नव्हते.’

तिने वॉर्डाला फोन लावला.

“अहो, पोचलात पण?” सिस्टर हसून म्हणाल्या. “मला वाटलं, बाबांना जिने चढायला वेळ लागेल.”

ताईने विचारलं, कोण पोचलं.

“तुम्ही. असं काय करता? साडेनऊला आलात, डॉक्टर लवकर मोकळे होते म्हणून लगेच सोडलं. गाडी पण लगेच मिळाली. कालच्या निरोपाचं मी विचारलं की तुम्हाला. म्हणालात, झालं सगळं, वाळली भिंत. सही पण केलीत.”

“बाबा काय म्हणाले? तिला बघून?”

“तिला?” सिस्टर म्हणाल्या. मग जरा जपून, जसं घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलतात तसं, “काही नाही म्हणाले. तुमचा हात धरला आणि निघाले. फार खुशीत होते.”

६

गाडी आली का हे बघायला ती खाली गेली नाही. तिला ठाऊक होतं. ती बाबांच्या खोलीत गेली, पलंग ढकलून बाजूला केला आणि भिंतीपाशी उभी राहिली.

आधी जिना. जिना नव्हता तिथला जिना. काठी, पाऊल, काठी, पाऊल, मध्ये विसावा. मग कडी, दोनदा चुकचुकणारी. मग कोणीतरी हळूच गात होतं. आईचं गाणं, ताईच्याच गळ्याने, आणि जिथे ताईचा सूर नेहमी निसटायचा तिथे तो निसटत नव्हता. पलंग कुरकुरला. काठी खिळ्याला लागली.

“किती उजेड आहे गं,” बाबा म्हणाले. “आणि भिंत बघ. हात लावून बघ.”

“लावला बाबा. पाय वर घ्या.”

ताईने भिंतीवर हात मारला. मूठ वळून मारला, पुन्हा मारला, आणि बाबा म्हणून हाक मारली. ओली भिंत आवाज पिऊन टाकत होती, तरी पलीकडचं गाणं थांबलं.

“कोण आहे गं तिकडे?” बाबा म्हणाले.

“कोणी नाही बाबा.” आवाज भिंतीच्या अगदी जवळ आला होता, तिच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर. चिडलेला नव्हता. दमलेल्या, समजूतदार लेकीचा आवाज होता. “त्या घरात फार ओल आहे. तिथे कोणी राहत नाही.”

मग काठी उतरवल्याचा आवाज झाला. आणि भिंतीवर, ताईच्या कपाळापाशी, टकटक. दोन लागोपाठ, मग एक थांबून.

ताईने श्वास धरला नाही. उलट जोरात घेतला, सोडला, मोठ्याने, म्हणजे त्यांना कळावं. त्यांना कळायचंच. चाळीस वर्षं कळत आलं होतं.

बाबा ऐकत होते. बराच वेळ ऐकत होते.

“हो गं,” ते म्हणाले. “रिकामं आहे.”

काठी पुन्हा खिळ्याला लागली. उशी सारखी केली गेली. ताईने परत मारायला हात उचलला, सगळ्या ताकदीने मारायला, आणि तेवढ्यात तिला बाबांचा श्वास ऐकू आला. झोपेत शिरणाऱ्या माणसाचा, लांब, सपाट. शिटी नाही, घरघर नाही, मध्येच अडणं नाही. अकरा महिन्यांत असा श्वास तिने ऐकला नव्हता. तिने तो तपासला, सवयीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठेही काही उसवलेलं नव्हतं.

उचललेला हात तिने खाली घेतला, आवाज न करता.

उघड्या दारातून ती खुर्ची घेऊन आली, भिंतीला लावली आणि बसली. भिंतीचं पाणी तिच्या खांद्यावर उतरू लागलं. अजून एक वाजला नव्हता.